सिस्टर अजून शिकताहेत? काळजी नको! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यातून समजून घ्या

तुमचं माणूस आयसीयूमध्ये आहे. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून आहात. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा येऊन माहिती देतात, पण चोवीस तास पेशंटजवळ असतात त्या सिस्टर. बोलता बोलता त्यांच्यापैकी एक जण सांगून जाते की पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे, म्हणून ती रजेवर असेल. ती पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते आहे, किंवा क्रिटिकल केअरचा अभ्यासक्रम.

अशा वेळी अनेक नातेवाइकांच्या मनात शंका येते. ही अजून शिकतेच आहे? मग आमचा पेशंट हिच्या हातात कसा सोपवायचा? हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. शिकणारी म्हणजे नवखी, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं.

या प्रश्नाचं उत्तर मी एका आयुष्याच्या आधारे देणार आहे. नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. पण शाळेच्या पुस्तकातली गोष्ट दिव्यापाशीच संपते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि ती अभ्यासाची आहे.

घरातून विरोध, पहाटे अभ्यास

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. त्या शहरावरूनच त्यांचं नाव ठेवलं. घर इंग्रज, श्रीमंत, जमीनदारीचं. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवलं: ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती, आणि त्या काळातल्या मुलीसाठी ही गोष्ट घरच्यांना फारशी रुचणारी नव्हती.

वयाच्या सोळाव्या वर्षी आपल्याला देवाने सेवेसाठी बोलावलं आहे असं त्यांना वाटलं. सेवा कोणती, हे स्पष्ट व्हायला काही वर्षं गेली. १८४५मध्ये त्यांनी घराजवळच्या सॉल्सबरीच्या इस्पितळात जाऊन काम शिकण्याची परवानगी मागितली. घरात वादळ झालं. तेव्हा इंग्लंडमधल्या इस्पितळात काम करणाऱ्या बायकांना ना प्रशिक्षण होतं ना प्रतिष्ठा. दारू पिणाऱ्या, अशिक्षित अशीच त्यांची ओळख होती. परवानगी मिळाली नाही.

मग त्यांनी काय केलं? सरकारी आरोग्य अहवाल आणि इस्पितळांचे अहवाल मिळवले आणि घर जागं होण्याआधी, पहाटे मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा अभ्यास केला. टिपणं काढली, आकडे मांडले. नंतर न्याहारीच्या वेळी खाली येऊन श्रीमंत घरातल्या मुलीने वागावं तसं वागायचं. हे काही वर्षं चाललं. आज नाइट ड्युटी करून, घरचं आवरून, मुलांना शाळेत सोडून मग पुस्तक उघडणारी सिस्टर मी पाहतो, तेव्हा मला ही मेणबत्ती आठवते.

१८५१मध्ये, एकतीस वर्षांच्या असताना, त्यांना जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत सुमारे तीन महिने राहून काम शिकता आलं. पुढे पॅरिसमधली इस्पितळं पाहिली. १८५३मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेच्या त्या अधीक्षक झाल्या. म्हणजे ज्यांना आपण आधुनिक नर्सिंगच्या जननी म्हणतो, त्यांचं रीतसर प्रशिक्षण काही महिन्यांचं होतं. बाकी सगळं त्या काम करता करता शिकल्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे.

स्कुटारी: सेवा होती, तरी माणसं मरत होती

१८५४मध्ये क्रिमियाच्या युद्धातून भयंकर बातम्या इंग्लंडमध्ये पोहोचू लागल्या. जखमी सैनिकांची आबाळ होत होती. सिडनी हर्बर्ट हे युद्धखात्याचे मंत्री फ्लॉरेन्स यांना ओळखत होते. त्यांच्या विनंतीवरून ऑक्टोबर १८५४मध्ये ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला आजच्या इस्तंबूलमधल्या स्कुटारीच्या बराकीत उभारलेल्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या.

तिथली अवस्था अशी होती: मैलोगणती पसरलेल्या रांगा, जमिनीवर झोपलेले रुग्ण, कपडे नाहीत, साबण नाही, टॉवेल नाहीत, अन्न वेळेवर नाही. त्यांनी स्वयंपाकघर सुरू केलं, धुलाईची सोय केली, स्वच्छता करवून घेतली, रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या. सैनिकांना त्यांचा फार मोठा आधार वाटला. इंग्लंडमध्ये त्या घराघरात पोहोचल्या.

पण त्या हिवाळ्यात इस्पितळातले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढत गेले. त्या काळच्या नोंदींनुसार फेब्रुवारी १८५५मध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा सुमारे ४२पर्यंत चढलं होतं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यांनी इमारतीखालचे तुंबलेले नाले उपसले, हवा खेळती केली, गर्दी कमी केली. पाण्याच्या मार्गात मेलेला घोडा सापडला, तो काढला. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा सुमारे २वर आलं.

म्हणजे मनापासून केलेली सेवा, रात्रीच्या फेऱ्या, माया, हे सगळं असूनही माणसं मरत होती, कारण मरणाचं खरं कारण कुणाला नीट दिसत नव्हतं. त्या वेळी ते फ्लॉरेन्स यांनाही पूर्ण कळलेलं नव्हतं. आयसीयूबद्दल बोलताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवाभाव हवाच, पण पेशंटला वाचवायला तेवढा पुरत नाही.

परत आल्यावरचा अभ्यास

मे १८५५मध्ये त्या स्वतः तापाने गंभीर आजारी पडल्या. हा बहुधा ब्रुसेलोसिस असावा, असं आजचे अनेक अभ्यासक मानतात. त्याचा त्रास पुढे अनेक वर्षं राहिला. ऑगस्ट १८५६मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. मिरवणुका आणि सत्कार टाळले. वय ३६, कीर्ती शिखरावर. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी इतिहासात नाव राहिलं असतं.

त्या थांबल्या नाहीत. विल्यम फार या नामांकित संख्याशास्त्रज्ञांबरोबर बसून त्यांनी युद्धातल्या मृत्यूंचे आकडे तपासायला घेतले. निष्कर्ष हादरवणारा होता. बहुसंख्य सैनिक जखमांनी मेले नव्हते. ते टायफस, टायफॉइड, कॉलरा, हगवण अशा टाळता येण्याजोग्या आजारांनी मेले होते. आणि ज्या इस्पितळांत सर्वाधिक मृत्यू झाले, त्यांत त्यांचं स्वतःचं स्कुटारी होतं.

विचार करा. सारा देश तुमची पूजा करतो आहे, आणि तुमच्या समोरचा कागद सांगतो आहे की तुमच्या देखरेखीखालच्या वॉर्डांमध्ये माणसं ज्या कारणाने गेली, ते कारण दूर करता आलं असतं. तो कागद फडताळात ठेवून देणं सोपं होतं. फ्लॉरेन्स यांनी १८५८मध्ये आठशेहून अधिक पानांचा अहवाल स्वतःच्या खर्चाने छापून घेतला आणि वजनदार माणसांकडे पाठवला. मंत्र्यांना आकडे वाचायचा कंटाळा असतो हे ओळखून त्यांनी वर्तुळाकार आकृत्या काढल्या. प्रत्येक महिन्याची एक पाकळी. निळ्या रंगात टाळता येणाऱ्या आजारांचे मृत्यू, लाल रंगात जखमांचे. निळा रंग लाल रंगाला गिळून टाकतो, हे लहान मुलालाही दिसेल. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं. या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य.

आपल्या चुका आकड्यांत मांडून त्यातून शिकायचं, ही आजच्या प्रत्येक चांगल्या आयसीयूची रीत आहे. किती पेशंटना सलाईनच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पाठीवर जखमा झाल्या, याच्या नोंदी सिस्टर ठेवतात. त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे नर्सिंगच्या पदवीत शिकवलं जातं.

भारताशी नातं

फ्लॉरेन्स भारतात कधीच आल्या नाहीत, पण भारतावर त्यांनी पुढची सुमारे चाळीस वर्षं काम केलं. सुरुवात इथल्या ब्रिटिश फौजेपासून झाली. छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालात या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ दिसत होता. दहा वर्षांनी तो हजारी १८पर्यंत उतरल्याचं त्यांनी मांडलं. हळूहळू त्यांचं लक्ष छावणीकडून खेड्याकडे वळलं: विहिरी, सांडपाणी, दुष्काळ. गावांच्या आरोग्याबद्दल त्यांचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. बिछान्यावरून, कागद आणि आकडे यांच्या जोरावर त्या हे करत होत्या.

शाळा काढली, आणि शाळेलाच तपासलं

युद्धाच्या काळात जनतेने त्यांच्या नावाने निधी जमवला होता. त्यातून १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सिंगची शाळा सुरू झाली. प्रशिक्षण एका वर्षाचं. वॉर्डात प्रत्यक्ष काम, डॉक्टरांची व्याख्यानं, रोजची नोंदवही, आणि प्रत्येक विद्यार्थिनीबद्दल मेट्रनचा मासिक अहवाल. इथे तयार झालेल्या नर्स ऑस्ट्रेलिया, कॅनडापर्यंत गेल्या. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित नर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स पदविका मिळाल्यानंतर चार वर्षांनी, १८७७मध्ये, अधिक शिकण्यासाठी इंग्लंडला आल्या आणि फ्लॉरेन्स यांना भेटल्या.

शाळेची कीर्ती झाली. पण १८७०च्या सुमारास फ्लॉरेन्स यांनी आत डोकावून पाहिलं तर चित्र वेगळं होतं. व्याख्यानं जवळपास बंद पडली होती. विद्यार्थिनींना वॉर्डातल्या कामाला जुंपलं जात होतं, शिकवलं जात नव्हतं. आपल्याच नावाच्या शाळेबद्दल हे समजल्यावर त्यांनी सुधारणा करायला लावली. नवे शिक्षक आले, वाचनाला वेळ ठरवून दिला गेला, अभ्यासावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र सिस्टर नेमली गेली. प्रत्येक विद्यार्थिनीला त्या स्वतः घरी बोलावून प्रश्न विचारू लागल्या. १८७२पासून १९००पर्यंत, मधली काही वर्षं वगळता, त्यांनी नर्सना दरवर्षी एक लांब पत्र लिहिलं. त्या पत्रांतला एक विचार पुन्हा पुन्हा येतो. जी नर्स दरवर्षी पुढे जात नाही, ती जागच्या जागी राहत नाही, मागे पडते. एका वर्षाचं प्रशिक्षण म्हणजे शिकायचं कसं हे शिकणं. खरं शिक्षण त्यानंतर.

जिथे त्यांचं काही अंशी चुकलं

१८८७नंतर इंग्लंडमध्ये नर्सची सरकारी नोंदणी व्हावी अशी चळवळ सुरू झाली. परीक्षा, प्रमाणपत्र, नोंदवही. फ्लॉरेन्स यांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की परीक्षेत माणसाचा स्वभाव, सचोटी, हाताचं कसब मोजता येत नाही, आणि आज दिलेलं प्रमाणपत्र पाच वर्षांनी ती नर्स कशी आहे हे सांगत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं होतं. नोंदणी नसेल तर पेशंटने ओळखायचं कसं की समोरची बाई खरंच शिकलेली आहे? शेवटी ब्रिटनमध्ये १९१९मध्ये नोंदणीचा कायदा झाला. तेव्हा फ्लॉरेन्स हयात नव्हत्या. नोंदणीच्या बाबतीत काळाने त्यांच्या विरोधात कौल दिला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण त्यांची शंका आजही जिवंत आहे. म्हणूनच आज नर्सिंग कौन्सिलची नोंदणी एकदा करून भागत नाही. तिच्या नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंचं म्हणणं एकत्र आलं: प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्रानंतरही शिकणं हवं.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९०७मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. गावच्या चर्चमधल्या थडग्यावर त्यांचं पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं आणि सनावळी.

आजच्या आयसीयूत हे शिक्षण कशाला?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शुद्धीवर येईपर्यंत शस्त्रक्रियागृहालगतच्या छोट्या खोलीत ठेवण्याच्या पद्धतीचा उल्लेख फ्लॉरेन्स यांच्या इस्पितळांवरच्या पुस्तकात आहे. गंभीर रुग्ण एकत्र, नर्सच्या नजरेखाली, ही कल्पना तिथे बीजरूपाने दिसते. खरं आयसीयू १९५०च्या दशकात, डेन्मार्कमधल्या पोलिओच्या साथीनंतर आकाराला आलं. आज तिथे व्हेंटिलेटर आहे, डायलिसिस आहे, थेंबाथेंबाने मोजून जाणारी औषधं आहेत. मूळ पदविकेतली तीन वर्षं यातल्या प्रत्येक गोष्टीला पुरणार नाहीत, हे उघड आहे.

आपल्याकडे पुढचे मार्ग साधारण असे आहेत:

- जीएनएम पदविका झालेल्या सिस्टर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी घेऊ शकतात. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो.
- क्रिटिकल केअर नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका असते.
- पदवीनंतर एम.एस्सी. नर्सिंग करता येतं. भारतीय नर्सिंग परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आखला आहे. यात शिकणं मुख्यतः आयसीयूत काम करतच होतं.

याचा पेशंटला खरंच उपयोग होतो का? २०१४मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे, ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ती शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण दोन गोष्टी नीट कळतात. नर्सचं शिक्षण महत्त्वाचं आहे, आणि कितीही शिकलेली नर्स असली तरी तिच्यावर भार जास्त टाकला तर तिचं शिक्षण कामी येत नाही.

कारण समजायला अवघड नाही. प्रकृती बिघडण्याची पहिली चिन्हं बारीक असतात. श्वासाची गती थोडी वाढते, लघवी थोडी कमी होते, माणूस थोडा असंबद्ध बोलतो. डॉक्टर त्या क्षणी दुसऱ्या पेशंटजवळ असतो. ते पहिल्यांदा दिसतं सिस्टरला. दिसलेल्याचा अर्थ कळला, तरच ती वेळेत हाक मारते.

तुम्ही काय करू शकता?

- सिस्टर शिकत आहेत असं कळलं तर घाबरू नका. त्या नोंदणीकृत नर्स आहेत, त्यात भर घालत आहेत. प्राथमिक प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी वेगळ्या. त्या देखरेखीखाली काम करतात. शंका असेल तर इन्चार्ज सिस्टरना सरळ विचारा.
- या पाळीत एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत, हे विचारायला संकोच करू नका. पदवीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे.
- पेशंटची झोप कशी होती, असं विचारण्याऐवजी किती तास झोपला आणि केव्हा जाग आली, असं विचारा. फ्लॉरेन्स यांनी नोट्स ऑन नर्सिंग या १८५९च्या पुस्तकात हेच शिकवलं होतं. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं.
- तुम्हीही सांगताना नेमकं सांगा. बाबा बरे वाटत नाहीत, यापेक्षा सकाळपासून बाबा मला ओळखत नाहीत, हे सिस्टरच्या जास्त उपयोगाचं आहे. घरच्या माणसाला तुम्ही आमच्यापेक्षा जास्त ओळखता.
- परीक्षेच्या आठवड्यात सिस्टर थकलेल्या दिसल्या, तर दोन चांगले शब्द बोला.

१२ मे हा फ्लॉरेन्स यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. रुग्णालयांत त्या दिवशी मेणबत्त्या लावतात. त्या पाहताना स्कुटारीच्या दिव्याबरोबर दुसराही एक उजेड आठवा: घर झोपलेलं असताना अहवालांवर वाकलेल्या एका मुलीच्या मेणबत्तीचा. उद्या आयसीयूच्या काचेआडून एखाद्या सिस्टरच्या पिशवीतून पुस्तक डोकावताना दिसलं, तर तुमच्या माणसाच्या दृष्टीने ती चांगलीच खूण आहे.